टीएसएच ७.८ वरून ४.९ वर आला. वीस दिवसांचा रिपोर्ट पाहून गोळी पुन्हा वाढवावी का?

अबोली · २४ मे, सकाळी ७.४०

नमस्कार मंडळी. माझे वय ४४, वजन ६२ किलो असून मी सातारा जिल्ह्यातील एका शाळेत शिकवते. गेली सहा वर्षे थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी रोज सकाळी घेते आहे. गेल्या वर्षी जूनमध्ये टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारे संप्रेरक, थायरॉइड कमी पडली की ते वाढते) २.९ होता आणि कसलाच त्रास नव्हता. यंदा मार्चपासून थकवा फार जाणवू लागला. विंचरताना केसांचे पुंजके हातात येऊ लागले आणि दुपारच्या तासाला एकदा खुर्चीत बसले की उठणे नको वाटे, म्हणून २८ एप्रिलला रक्त तपासून घेतले. टीएसएच ७.८ आला. डॉक्टरांनी २ मेपासून मात्रा ७५ केली आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितले.

मध्येच २२ मेला आमच्या पतसंस्थेने सभासदांसाठी तपासणी शिबिर ठेवले होते. तिथे मी थायरॉइडचीही तपासणी करून घेतली. त्यात टीएसएच ४.९ आला असून त्यापुढे ठळक अक्षरात ‘एच’ (हाय, म्हणजे जास्त) छापले आहे, कारण रिपोर्टवरची मर्यादा ०.४ ते ४.५ अशी आहे. फ्री टी-४ (रक्तातले थायरॉइडचे संप्रेरक) मात्र १.७२, म्हणजे ०.८ ते १.८ या मर्यादेच्या अगदी वरच्या टोकाला आहे. शिबिरातील एका बाईंनी सांगितले की टीएसएच अजून जास्तच आहे, तेव्हा गोळी १०० ची करा. गेले आठ दिवस रात्री पाठ टेकली की छातीत धडधडते, त्यामुळे मात्रा वाढवायला मन धजत नाही. एक आकडा गोळी कमी पडते म्हणतो आणि दुसरा जास्त होते म्हणतो, असे मला वाटते आहे. यातले खरे काय धरावे?

दीपमाळ · २४ मे, सकाळी ८.०५

अबोलीताई, वीस दिवसांच्या रिपोर्टवर काहीही ठरवू नका आणि शिबिरातल्या सल्ल्यावर तर मुळीच नको. डॉक्टरांनी दीड-दोन महिन्यांची मुदत उगाच दिलेली नसते. धडधडीबद्दल मात्र त्यांना आजच फोन करून सांगा.

काचपट्टी · २४ मे, सकाळी १०.२०

मी ३१ वर्षे रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केले आहे, म्हणून या ‘एच’ अक्षराविषयी थोडे सविस्तर लिहितो. आकडा छापील मर्यादेच्या बाहेर गेला की यंत्र ते अक्षर आपोआप छापते. तुमचे वय किती, तुम्ही गोळी घेता की नाही, मात्रा कधी बदलली, यातले काहीही यंत्राला ठाऊक नसते. मर्यादाही कशी ठरवतात, तर निरोगी माणसांपैकी साधारण ९५ टक्के लोकांचे आकडे ज्या पट्ट्यात बसतात तो पट्टा घ्यायचा. म्हणजे शंभर निरोगी माणसांतल्या पाचांच्या रिपोर्टवर काहीही आजार नसताना खूण उमटणारच.

दुसरे म्हणजे, टीएसएच दिवसभर एकसारखा राहत नाही. तो मध्यरात्रीनंतर सर्वांत जास्त असतो आणि दुपारकडे उतरतो. एप्रिलचे रक्त सकाळी सातला एका ठिकाणी आणि मेचे रक्त साडेअकराला दुसऱ्या ठिकाणी दिले असेल, तर दोन्ही आकडे शेजारी मांडण्यात फारसा अर्थ नाही. यंत्रे आणि रसायने बदलली तरी थोडा फरक पडतो. माझ्याकडे नेहमी येणाऱ्यांना मी एकच सांगत असे: प्रयोगशाळा तीच ठेवा आणि वेळही तीच ठेवा.

ताई, एक विचारतो. शिबिराच्या दिवशी तुम्ही सकाळची गोळी घेऊन रक्त दिले का? घेतली असेल, तर १.७२ या आकड्याचा बराचसा उलगडा तिथेच होतो. गोळी घेतल्यानंतर काही तास फ्री टी-४ वर चढलेला असतो. टीएसएचवर त्या एका गोळीचा तसा परिणाम होत नाही. म्हणूनच फ्री टी-४ पाहायचा असेल तेव्हा आधी रक्त द्यावे आणि मग गोळी घ्यावी.

घाटमाथा · २४ मे, दुपारी १२.४५

माझे मत थोडे वेगळे आहे. रिपोर्ट मर्यादेत आला की ‘सगळे ठीक आहे’ असे सांगून रुग्णाला परत पाठवतात आणि त्याला काय होते आहे हे कुणी विचारत नाही. माझा टीएसएच ३.८ होता, म्हणजे कागदावर नॉर्मल. तरी मला थंडी सोसत नसे, बद्धकोष्ठता होती आणि चेहरा सुजल्यासारखा दिसे. तीनदा सांगितल्यावर डॉक्टरांनी मात्रा १२.५ ने वाढवली. टीएसएच १.६ वर आला आणि मला खरोखर बरे वाटू लागले. अबोलीताईंचे शरीर धडधडीतून काही सांगत असेल, तर तेही रिपोर्टइतकेच खरे मानायला हवे.

शुश्रूषा · २४ मे, रात्री ९.३०

मी फिजिशियन आहे. दिवसभर दवाखाना असल्यामुळे आत्ता लिहिते आहे. इथे लिहिलेले तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. रिपोर्ट वाचताना काय पाहायचे एवढे मात्र सांगता येईल.

टीएसएच थायरॉइड तयार करत नाही, मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी तयार करते. रक्तात थायरॉइडचे संप्रेरक कमी पडले की पियूषिका टीएसएच वाढवून थायरॉइडला कामाला लावते आणि ते पुरेसे झाले की हात आखडता घेते. म्हणूनच टीएसएच जास्त म्हणजे थायरॉइड कमी, असे हे उलटे गणित आहे आणि नवख्या माणसाचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो. हे नाते सरळ प्रमाणातलेही नाही. फ्री टी-४ निम्मा झाला, तर टीएसएच सुमारे शंभरपट वाढू शकतो. त्यामुळे टीएसएच ४ चा ८ झाला म्हणून थायरॉइडचे काम निम्म्यावर आले असे होत नाही. रक्तातल्या संप्रेरकात तेवढ्याने फारच थोडा फरक पडलेला असतो.

आता मुदतीबद्दल. आपण घेतो त्या लेव्होथायरॉक्सिनची रक्तातील मात्रा निम्मी व्हायला सुमारे सात दिवस लागतात. औषध इतके संथ असल्यामुळे नव्या मात्रेची पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे जातात आणि पियूषिका त्यानंतर स्थिरावते. म्हणून मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासायचे असते. विसाव्या दिवशीचा ४.९ हा वाटेतला आकडा आहे. तो अजून खाली येत असणार, तेव्हा त्यावरून १०० करणे चुकीचेच ठरेल.

घाटमाथांचे म्हणणे मला पटते आणि लक्षणे विचारलीच पाहिजेत. फक्त थकवा, केस गळणे, वजन वाढणे ही लक्षणे एकट्या थायरॉइडची नाहीत. हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, झोप आणि पाळीतील बदल यांनीही हेच सगळे होते. शिवाय बरे वाटावे म्हणून मात्रा वाढवत नेली आणि टीएसएच ०.१ च्या खाली गेला, तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो, विशेषतः साठीनंतर आणि पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये.

अबोली, मला खरा प्रश्न वेगळा दिसतो. पाच वर्षे ५० वर सगळे ठीक असताना अचानक ७.८ का झाला? सकाळी उठल्यापासून न्याहारीपर्यंत तुम्ही काय काय आणि किती वाजता घेता, ते जसेच्या तसे लिहाल का?

पाणंद · २५ मे, सकाळी ६.५०

याच विषयात माझाही प्रश्न आहे. आई ७४ वर्षांची आहे. पूर्ण तपासणीत तिचा टीएसएच ६.४ आणि फ्री टी-४ नॉर्मल आला. ती रोज देवळापर्यंत चालत जाते, तिला कसलीच तक्रार नाही. एका डॉक्टरांनी लगेच गोळी लिहून दिली, दुसरे थांबा म्हणतात. शेजारी म्हणतात की एकदा सुरू केली की जन्मभर घ्यावी लागते. आम्ही काय करावे?

शुश्रूषा · २५ मे, सकाळी ७.३०

पाणंद, वयानुसार टीएसएच थोडा वाढतोच. सत्तरीनंतर ६ च्या आसपासचा टीएसएच आणि नॉर्मल फ्री टी-४ असणाऱ्या अनेकांना गोळीची गरज नसते. ६५ वर्षांवरील ७३७ जणांवर युरोपात झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. अशा सौम्य वाढीवर गोळी देऊन थकवा किंवा थायरॉइडची इतर लक्षणे कमी झालेली त्यात दिसली नाहीत. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, सोबत अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडे) एकदा पाहा आणि मग ठरवा. टीएसएच १० च्या वर गेला, तर गोष्ट वेगळी. आणि या वयात गोळी द्यायचीच झाली, तर साधारणपणे १२.५ किंवा २५ पासूनच सुरुवात करतात, कारण हृदयावर एकदम भार पडता कामा नये.

रानफूल · २५ मे, सकाळी ९.१५

मला वाटते की आपण सगळे गोळीच्या फार आहारी गेलो आहोत. मी आयोडीनचे मीठ बंद करून सैंधव सुरू केले, कोबी-फ्लॉवर सोडला आणि नियमित उज्जायी प्राणायाम करते. माझी ५० ची गोळी आठ महिन्यांपूर्वी सुटली. टीएसएच आता ५.२ आहे.

दीपमाळ · २५ मे, सकाळी १०.४०

रानफूल, तुम्हाला बरे वाटते आहे याचा आनंद आहे, पण हे वाचून कुणी गोळी बंद करू नये म्हणून लिहिते.

माझ्या मावशीने एका शिबिरातून आल्यावर आपल्या मनाने गोळी थांबवली. ती १०० घेत होती. पहिले पाच-सहा आठवडे काहीच जाणवले नाही, उलट ‘बघ, काही झाले नाही’ असे ती मलाच सांगत असे. औषध हळूहळू उतरत असते, त्याची ती फसवी शांतता होती. चौथ्या महिन्यात फोनवर तिचा आवाज मला ओळखू येईना, इतका तो जाड झाला होता. भेटायला गेले तर मे महिन्यात अंगावर स्वेटर, डोळ्यांखाली सूज आणि बोलताना शब्दांमध्ये लांबच लांब थांबे. नाडी ४८ होती. रुग्णालयात दाखल केले तेव्हा टीएसएच १०० च्या वर होता. ती वाचली. पूर्ववत व्हायला मात्र तिला सहा महिने लागले.

प्राणायाम जरूर करावा. पण ग्रंथीच निकामी होत चालली असेल, तर बाहेरून संप्रेरक द्यावेच लागते.

शुश्रूषा · २५ मे, दुपारी २.१०

दीपमाळ यांना अनुमोदन. मिठाबद्दल भर घालते. आपल्याकडे गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला आणि १९९२ साली त्याला आयोडीन कमतरता विकार नियंत्रण कार्यक्रम असे व्यापक नाव मिळाले. आयोडीनयुक्त मिठामुळे जन्माला येणाऱ्या मुलांच्या मेंदूची वाढ सुरक्षित राहिली आहे. सैंधवात पुरेसे आयोडीन नसते, त्यामुळे घरात गर्भवती किंवा लहान मूल असेल तर मीठ बदलू नका. शिजवलेला कोबी नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्याने काही बिघडत नाही. रानफूल, काहींचा टीएसएच मुळात सौम्यच वाढलेला असतो आणि तो आपोआप खालीही येतो. तुमचे तसे असू शकेल. पण ५.२ असताना तपासणी सोडू नका.

जुई_पणजी · २५ मे, सायंकाळी ५.००

इथे गर्भवतींचा उल्लेख झाला म्हणून लिहिते. मी ७५ वर होते आणि गरोदरपणाची तयारी सुरू असतानाच आमच्या डॉक्टरांनी सांगून ठेवले होते की पाळी चुकली आणि चाचणी होकारार्थी आली, तर माझी वाट न पाहता आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या घ्यायला लागायचे आणि मग भेटायला यायचे. मला ते तेव्हा घाईचे वाटले होते. नंतर समजले की पहिल्या तीन महिन्यांत बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी काम करत नसते, ते आईच्याच संप्रेरकावर अवलंबून असते आणि आईची गरज २५ ते ५० टक्क्यांनी वाढू शकते. माझी तपासणी दर चार आठवड्यांनी होत असे आणि टीएसएच २.५ च्या खाली ठेवला होता. प्रसूतीनंतर लगेच पूर्वीची ७५ ची मात्रा सुरू केली आणि सहा आठवड्यांनी पुन्हा तपासले.

बाळाच्या टाचेतून तिसऱ्या दिवशी रक्ताचे थेंब घेऊन त्याचीही थायरॉइड तपासणी झाली. ज्यांच्याकडे हे आपोआप होत नाही, त्यांनी आग्रहाने मागून घ्यावे. जन्मजात कमतरता पहिल्या दोन आठवड्यांत सापडली तर वेळेवर गोळी सुरू होते आणि मूल इतरांसारखे वाढते.

टेम्सकाठ · २५ मे, रात्री ११.२०

परदेशात असलेल्या सदस्यांसाठी एक छोटी गोष्ट. इंग्लंडमध्ये फ्री टी-४ पिकोमोल प्रति लिटरमध्ये देतात, भारतात नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. भारतातल्या आकड्याला १२.८७ ने गुणले की इथला आकडा मिळतो. आईचा १.२ आणि माझा १५.४ पाहून मी एकदा रात्रभर जागलो होतो. दोन्ही एकच होते. टीएसएचचे एकक दोन देशांत वेगळे लिहिलेले दिसले तरी आकडा तोच राहतो.

मोरपीस · २६ मे, सकाळी ८.००

अबोलीताईंचे केस गळत आहेत म्हणून विचारते, तुम्ही केसांसाठी बायोटिनची गोळी घेता का? मी घेत होते. माझा टीएसएच एकाएकी ०.१ आणि फ्री टी-४ मर्यादेबाहेर आला, मात्रा निम्मी करायचे ठरले होते. प्रयोगशाळेतल्या मुलीने सहज विचारले म्हणून बायोटिनचे कळले. ते बंद करून आठवड्याने पुन्हा रक्त दिले, तर टीएसएच २.२.

काचपट्टी · २६ मे, सकाळी ९.१०

मोरपीस, हे फार उपयोगी सांगितलेत. अनेक यंत्रांच्या तपासणी पद्धतीत बायोटिनचाच वापर केलेला असतो. रक्तात ते जास्त असले की टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी-४ खोटा जास्त येतो. थायरॉइडमध्ये काही बदललेले नसते, फक्त मोजणी चुकते. तपासणीच्या आधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावे, मात्रा मोठी असेल तर आणखी काही दिवस. केसांच्या आणि नखांच्या बहुतेक गोळ्यांत ते असते, म्हणून रक्त देताना अशा गोळ्यांची नावेही सांगावीत.

अबोली · २६ मे, रात्री ८.४५

सर्वांचे मनापासून आभार. बायोटिन मी घेत नाही. शिबिराच्या दिवशी गोळी घेऊनच गेले होते आणि रक्त अकराच्या सुमारास दिले. काचपट्टीकाका, तुमचा अंदाज बरोबर निघाला.

शुश्रूषाताई, सकाळचा क्रम लिहिते. मी सहाला उठते. गोळ्यांची बाटली शेगडीच्या वरच्या फळीवर असते. जानेवारीत हिमोग्लोबिन ९.६ आले म्हणून लोहाची आणि गुडघ्यांसाठी कॅल्शियमची अशा दोन गोळ्या सुरू झाल्या. शाळेच्या घाईत एखादी राहून जाते, म्हणून रात्रीच तिन्ही गोळ्या एका छोट्या स्टीलच्या वाटीत काढून ठेवते: थायरॉइडची बारीक पांढरी, लोहाची तांबडी आणि कॅल्शियमची लांबट मोठी. सकाळी तोंड धुतले की तिन्ही एकदम पाण्याबरोबर घेते. चहा तोवर उकळत असतो, दहा मिनिटांत तो घेते. निम्मे दूध घातल्याशिवाय मला चहा जात नाही. पावणेसातला पोहे किंवा भाकरी.

हे लिहितानाच काहीतरी चुकते आहे असे वाटू लागले आहे.

औषधपेढी · २६ मे, रात्री १०.००

ताई, मी औषधविक्रेता आहे आणि तुमची वाटी माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली, कारण माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांत ती असते. कॅल्शियम आणि लोह हे दोन्ही आतड्यात थायरॉइडच्या गोळीला धरून ठेवतात आणि ती रक्तात पुरेशी शिरत नाही. गोळी पोटात गेली, पण तिचा पुरता उपयोग झाला नाही, असे होते. या दोन्ही गोळ्यांत आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचे अंतर हवे. दुधाचा चहा किंवा कॉफी निदान अर्ध्या तासाने, जमल्यास तासाने घ्यावी. आम्लपित्तावरची रोज उपाशीपोटी घ्यायची गोळीही थायरॉइडच्या गोळीचे शोषण कमी करते, तेव्हा तीही डॉक्टरांना सांगावी.

बाटली शेगडीवरून काढा. उष्णता, उजेड आणि ओल या तिन्हींनी ही गोळी खराब होते. ती मूळ बाटलीतच ठेवावी आणि आतली ओल शोषणारी पुडी फेकू नये. शक्यतो कंपनीही बदलू नये. बदलावी लागली, तर सहा आठवड्यांनी तपासून घ्यावे. आणि बाटली घेताना आकडा मोठ्याने वाचावा, कारण १२.५ आणि १२५ यांच्यात फक्त एका टिंबाचा फरक आहे.

एकांडा · २७ मे, सकाळी ७.२०

इथे सगळे टीएसएचविषयी बोलत आहेत, म्हणून माझ्यासारख्या थोड्या लोकांसाठी लिहितो. माझी पियूषिका ग्रंथीची शस्त्रक्रिया झाली आहे. टीएसएच तयार करणारी ग्रंथीच दुखावल्यामुळे माझा टीएसएच नेहमी कमी येतो आणि त्याला काही अर्थ नसतो. एका नव्या डॉक्टरांनी इतिहास न विचारता तो ०.२ पाहिला आणि मात्रा कमी केली. मी दोन महिने अंथरुणाला खिळलो. आमची मात्रा केवळ फ्री टी-४ पाहून ठरवतात. थायरॉइडच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या काहींचा टीएसएच मुद्दाम कमी ठेवलेला असतो, त्यांनीही ‘एल’ (लो, म्हणजे कमी) अक्षराने घाबरून गोळी कमी करू नये.

सह्यकडा · २७ मे, सकाळी ९.००

माझे दुखणे उलट दिशेचे आहे, ग्रेव्हजचे, म्हणजे थायरॉइड जास्त काम करण्याचे. ते काम कमी करणारे कार्बिमॅझोल सुरू केल्यावर दोन महिन्यांत फ्री टी-४ नॉर्मल झाला, टीएसएच मात्र पुढेही कित्येक आठवडे ०.०१ वरच अडकून राहिला. पियूषिका जागी व्हायला वेळ घेते, असे आमच्या डॉक्टरांनी समजावले. हे औषध घेणाऱ्यांना ताप आणि घसादुखी झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे आणि पांढऱ्या पेशींची तपासणी करावी, हेही सांगून ठेवतो.

अबोली · ३० मे, रात्री ९.१५

आज डॉक्टरांकडे जाऊन आले. सकाळचा सगळा क्रम कागदावर लिहूनच नेला होता. त्यांनी तो दोनदा वाचला आणि मात्रा वाढवताना बाकीच्या गोळ्यांविषयी विचारायला हवे होते असे स्वतःच म्हणाले. नाडी ९२ होती, ईसीजी नॉर्मल आला. मात्रा पुन्हा ५० केली आहे. थायरॉइडची गोळी सहाला, चहा सातला, लोह दुपारी चारला लिंबूपाण्याबरोबर आणि कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर. सात आठवड्यांनी रक्त आधी आणि गोळी नंतर.

घाटमाथा · ३० मे, रात्री १०.०५

एक शंका. ७५ सुरू झालीच होती, तर तीच ठेवून गोळ्यांमध्ये अंतर ठेवले असते तर काय बिघडले असते?

शुश्रूषा · ३१ मे, सकाळी ७.१०

काही डॉक्टरांनी तसेही केले असते. पण गेल्या वर्षी लोह-कॅल्शियम नसताना ५० वर टीएसएच २.९ होता, हा मोठा पुरावा हातात आहे. अडथळा दूर झाल्यावर ७५ पूर्ण रक्तात जाईल आणि आधीच धडधड आहे. ग्रंथी अजिबात काम करत नसेल, तर किलोमागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम लागते, म्हणजे ६२ किलोंना १०० च्या आसपास. अबोली यांना ५० पुरत होती, याचा अर्थ त्यांची स्वतःची ग्रंथी अजून बरेच काम करते. म्हणूनच केवळ वजनावरून किंवा दुसऱ्याच्या गोळीवरून मात्रा ठरवता येत नाही.

दीपमाळ · ३१ मे, सकाळी ८.३०

माझ्या सासूबाई दोन्ही एकादश्या आणि संकष्टीला ही गोळी घेत नाहीत, उपवास मोडतो म्हणून. त्याने फरक पडतो का?

औषधपेढी · ३१ मे, सकाळी ९.२५

महिन्याला तीन म्हणजे मात्रा दहा टक्के कमी झाली. आजींना सांगा की पाण्याबरोबर घेतलेले औषध उपवासाच्या आड येत नाही आणि ही गोळी तर रिकाम्या पोटीच उत्तम लागते. तरीही मन मानत नसेल, तर राहिलेली गोळी दुसऱ्या दिवशीच्या गोळीबरोबर चालेल का, ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा. औषध शरीरात आठवडाभर रेंगाळत असल्यामुळे बहुतेकांना ते चालते, हृदयाचा आजार असेल तर परस्पर करू नये. तपासणीच्या आधी चार दिवस मात्र नियमित घेऊन बाकी महिना चुकवला, तर फ्री टी-४ चांगला आणि टीएसएच वाढलेला असा रिपोर्ट येतो आणि डॉक्टर उगाच मात्रा वाढवतात.

अबोली · २० जुलै, सायंकाळी ६.३०

रिपोर्ट आला. त्याच जुन्या प्रयोगशाळेत, सकाळी सातला, गोळी न घेता रक्त दिले. टीएसएच ३.१, फ्री टी-४ १.२, हिमोग्लोबिन ११.३. धडधड जूनच्या मध्यापासून थांबली आहे. थकवा बराच कमी झाला, पूर्ण गेलेला नाही. केस अजून गळतात. मात्रा ५० च राहील असे डॉक्टरांनी सांगितले. आता पुढची तपासणी कधी करावी?

शुश्रूषा · २० जुलै, रात्री ९.४०

फार बरे वाटले. सहा महिन्यांनी एकदा, आणि तेव्हाही स्थिर असेल तर वर्षातून एकदा पुरे. त्याआधी नवे औषध सुरू झाले, वजनात मोठा बदल झाला किंवा पाळी जाताना संप्रेरकांच्या गोळ्या घ्याव्या लागल्या, तर सहा ते आठ आठवड्यांनी तपासा. अँटी-टीपीओ पूर्वी वाढलेले आले असेल, तर ते पुन्हा पुन्हा मोजायची गरज नाही, त्यावरून मात्रा ठरत नाही. केसांना आणखी तीन-चार महिने द्या. हिमोग्लोबिन १२ च्या वर गेले तरी लोहाचा साठा भरेपर्यंत ती गोळी चालू ठेवावी लागेल, तेव्हा चारची वेळ मोडू नका.

पाणंद · २१ जुलै, सकाळी ७.००

आमच्याकडचेही कळवतो. आईचा टीएसएच काल ५.३ आला, अँटी-टीपीओ नॉर्मल. गोळी सुरू केलेली नाही, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. ती आत्ताच देवळाकडे निघाली आहे.

अबोली · २१ जुलै, सकाळी ७.२०

पाणंददादा, आईंना नमस्कार सांगा. माझ्याकडे आता एका वाटीच्या तीन वाट्या झाल्या आहेत. एक उशाशी, एक शाळेच्या पिशवीतल्या डबीत आणि एक जेवणाच्या टेबलावर.